पुसायची घंटा

उमेदवाराला शून्य गुण मिळाले.

कमी गुण मिळाले तर निदान काहीतरी म्हणता येतं. पेपर अवघड होता म्हणता येतं, नशीब म्हणता येतं, शेजारचा खोकत होता म्हणता येतं. शून्याला काही म्हणता येत नाही. तेव्हा हे पहिलं वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू आणि पुढे जाऊ. यात लबाडी काही नाही. घरातल्यांनीही पुढे नेमकं हेच केलं, आणि ती सगळी नाकासमोर चालणारी माणसं होती.

तर, निकाल अजून लागलेला नाही. रविवारची सकाळ आहे आणि उमेदवार स्वतःच्याच घराच्या बंद दारासमोर रांगेत उभी आहे. रांगेत ती एकटीच आहे.

उमेदवार म्हणजे या घरातली मुलगी. तिला चांगलं नाव होतं, पण ती पहिल्यांदा प्रवेश परीक्षेला बसली तेव्हा मामा तिला गमतीने उमेदवार म्हणू लागला, आणि पुढे गंमत संपली तरी शब्द राहून गेला. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. माणसांचं का नाही, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, माणसांना कसं वाटतंय ते विचारावं लागतं, आणि ती सांगतात. जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज एकच, त्याची परीक्षा एकच, आणि परीक्षेला वयाची अट. मागची दोन वर्षं थोडक्यात हुकली होती. यंदा शेवटचं. यंदा जमलं तर जनावरं, नाहीतर बाबांची ड्रायव्हिंग स्कूल. गाडीच्या छपरावरच्या पाटीवर 'आणि कन्या' एवढं मावेल अशी जागा बाबांनी मोकळी सोडून घेतली होती. त्यात दबाव वगैरे काही नव्हता. पाटी रंगवणारा सारखा सारखा येत नाही, एवढंच.

दार उघडलं. दारात मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एका मोठ्या कापडदुकानात सुरक्षारक्षक. लग्नाचं कोणी विचारलं तर तो सांगायचा, जागा रिकामी आहे, पण अर्ज मागवलेले नाहीत. दुकानातलं धातू शोधायचं यंत्र तो शनिवारी पिशवीत घालून घरी आणायचा. मधल्या काळात दुकानात कोण काय घेऊन शिरतंय याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

"ओळखपत्र," मामा म्हणाला.

"मामा, आत्ताच माझ्याकडून चहा करून घेतलास."

"मी आपल्याला ओळखत नाही. ओळखपत्र."

तिने ओळखपत्र दाखवलं. मामाने फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "फोटोत जरा बरं दिसताय," असं म्हणून त्याने यंत्र तिच्या डोक्यावरून फिरवलं. यंत्र वाजलं.

"केसांत काय आहे?"

"पिन."

"काढा."

"दर रविवारी काढतेच आहे."

"दर रविवारी लावून येता म्हणून काढावी लागते. आमच्याकडे एकाने बुटातून कात्री नेली होती."

"परीक्षेला?"

"दुकानात. पण तत्त्व तेच."

तिने पिन काढून बशीत ठेवली आणि केस तोंडावर घेऊन आत गेली.

आत बाहेरच्या खोलीचं परीक्षा केंद्र झालं होतं. जेवायचं टेबल भिंतीकडे तोंड करून लावलेलं, त्याच्या कोपऱ्यावर खडूने बैठक क्रमांक. पडदे ओढलेले. टीव्हीवर चादर टाकलेली, न जाणो त्यानेच एखादं उत्तर सांगितलं तर. आणि टेबलाच्या बाजूला, जवळजवळ तिच्या कोपराला लागून, एक खुर्ची. त्या खुर्चीत बाबा.

बाबांचं अर्धं आयुष्य लोकांच्या शेजारी बसण्यात गेलं होतं. ते गाडी चालवत नसत, चालवणाऱ्याच्या बाजूला बसत. त्यांच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक होता. त्या एका ब्रेकच्या जोरावर त्यांनी शहरातले निम्मे कारकून, बऱ्याचशा नर्स आणि एक अत्यंत घाबरट न्यायाधीश रस्त्यावर आणून सोडले होते. इतक्या वर्षांच्या अनुभवातून त्यांचं एक मत झालं होतं, ते असं की डोक्याचा काही भरवसा नाही.

"डोकं ऐन वेळी कुठेही जातं," ते म्हणायचे. "हाताला माहीत पाहिजे. पायाला माहीत पाहिजे. समोर म्हैस आली तर विचार करतोस का? पाय आपला आपण जातो."

पहिल्या वर्षी उमेदवार परीक्षेत घाबरली होती. पेन्सिल धरता येईना इतका हात ओला झाला होता. दुसऱ्या वर्षी ती चुकीच्या खोलीत, चुकीच्या बाकावर, एका लठ्ठ मुलाच्या जागेवर जाऊन बसली होती आणि तो मुलगाही भित्रा असल्यामुळे बराच वेळ काही बोलला नव्हता. दोन्ही वेळा अभ्यास पक्का होता. बाबांनी सगळा विचार करून निदान केलं, चूक डोक्याची नाही, हातापायांची आहे. आणि हातापायांना एकच औषध, सवय. तेव्हापासून दर रविवारी घरात परीक्षा व्हायची. अगदी खऱ्यासारखी, पहिल्या झडतीपासून शेवटच्या घंटेपर्यंत.

बाबा तिच्या शेजारी गुपचूप बसायचे. ती फार वेगाने गोल भरायला लागली की त्यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. त्या जागची फरशी सैल झाली होती आणि दाबली की खट्ट वाजायची. खट्ट झालं की उमेदवार सावकाश लिहायची.

आता गोलांबद्दल. परीक्षेत उत्तरं लिहायची नसत. प्रश्नपत्रिकेवर पर्याय दिलेले असत, आणि वेगळ्या उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल पेन्सिलने काळा करायचा. ती उत्तरपत्रिका यंत्र वाचायचं. कागद खास असायचा, जाड, किंचित गुलाबी. क्लासने प्रत्येक मुलाला नमुना म्हणून एकेक दिला होता. बाबा म्हणाले, साध्या कागदावर सराव म्हणजे खेळण्यातल्या गाडीवर क्लच शिकवणं, सराव खऱ्याच कागदावर झाला पाहिजे. खरा कागद एकच होता. म्हणून तो दर रविवारी पुसायचा असं ठरलं.

यात वेळेची सोयही पाहिली होती. उमेदवार गोल भरता भरता प्रश्नपत्रिकेवरही बारीक खूण करायची, कारण बाबांना ते चिमुकले गोल चष्मा बदलल्याशिवाय दिसत नसत. शेवटची पाच मिनिटं उरली की स्वयंपाकघरातून आई ताटलीवर चमचा वाजवायची. ही सूचनेची घंटा. घंटा झाली की प्रश्नपत्रिका बाबांकडे तपासायला जायची आणि उमेदवार खोडरबर घेऊन उत्तरपत्रिका पुसायला बसायची. बाबांचं तपासून होईपर्यंत तिचं पुसून व्हायचं, तोवर भात वाफाळलेला असायचा, आणि घरातल्या घरात कोणाचा खोळंबा होत नसे. इतकी नीट बसवलेली पद्धत फार कमी घरांत सापडेल.

पुसण्याचं खातं आईकडे होतं. आई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत डाग काढायची. पुढे काउंटरवर लोक लाजत लाजत कोट द्यायचे आणि आई कोणालाही कसला डाग म्हणून न विचारता तो काढून टाकायची. पहिल्याच रविवारी तिने मुलीच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं होतं.

"अशी गोल गोल घासू नकोस, पसरतं ते. एका दिशेने. बाहेरून आत."

"आई, पेन्सिल आहे ही, तेल नाही."

"मेल्या डागाला काय माहीत तो कसला आहे? एका दिशेने. आणि फुंकर मारायची नाही, झटकायचं. आता तिरकी धर उजेडात. दिसतंय काही?"

"थोडं."

"मग पुन्हा."

आईच्या मते जगातली बरीचशी नुकसानं चुकीच्या दिशेने घासल्यामुळे झालेली होती. थोड्याच रविवारांत उमेदवाराचा हात असा तयार झाला की पुसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा कोरा दिसे.

बाबांच्या पद्धतीला यश येत गेलं. सुरुवातीला ताटलीची घंटा ऐकली की उमेदवाराच्या पोटात गोळा यायचा. मग तो येईनासा झाला. मग छातीतली धडधड गेली, तळहाताचा घाम गेला. त्यांच्यामागोमाग आणखीही काही काही गेलं असावं, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मैत्रिणीच्या लग्नात तिला कसं वाटतंय असं कोणीतरी विचारलं तेव्हा तिने खरोखर आत डोकावून पाहिलं. आत सगळं आवरून ठेवलेलं होतं. दिवे बंद होते.

"बरं वाटतंय," ती म्हणाली होती. हा पर्याय बहुधा बरोबर असतो.

खऱ्या परीक्षेच्या दिवशी बाबांनी तिलाच गाडी चालवायला दिली, हात गरम राहावेत म्हणून. केंद्र म्हणजे एक जुनी शाळा होती. दारात झडती घेणारी बाई होती, पण मामाच्या मानाने अगदीच कच्ची. पिन तिच्या नजरेतून सुटली. उमेदवाराने आपणहून काढून दिली.

"राहू दे ग," बाई म्हणाली.

"नको. मग मला चुकल्यासारखं होईल."

खोली बरोबर, बाक बरोबर. आसपासची मुलं पाणी पीत होती, डोळे मिटून पुटपुटत होती, एक जण पेन्सिलीला इतकं टोक काढत होता की पेन्सिल संपत आली होती. पर्यवेक्षिका सर्दीने बेजार झालेल्या एक वयस्कर बाई होत्या. प्रत्येक सूचनेनंतर त्या नाक पुसायच्या, त्यामुळे सूचना जरा दुःखद वाटायच्या. उमेदवाराला काहीही वाटलं नाही. ती आपल्या बाकावर अशी बसली होती, जशी आपण घरी मोजे घालायला बसतो.

पेपर चांगला होता. गाईच्या पोटातले कप्पे आले होते, पक्ष्यांची पोकळ हाडं आली होती. तिने एकेक गोल काळा केला, प्रश्नपत्रिकेवर बारीक खूण केली, पुढे गेली. मध्ये एकदा वेग वाढला तेव्हा फरशी वाजली नाही, तरी ती आपणच सावकाश झाली. शेवटचा प्रश्नही सुटला. सगळे गोल भरून झाले तेव्हा खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढत होता. उमेदवार त्याच्याकडे पाहत बसली. तिला उत्तरं आली होती, आणि ती सगळ्या प्रश्नांची होती.

मग कॉरिडॉरमध्ये सूचनेची घंटा वाजली.

उमेदवाराने प्रश्नपत्रिका बंद करून बाजूला सारली आणि खोडरबर घेतलं. एका दिशेने, बाहेरून आत. वरचा कोपरा, मग ओळीने खाली. फुंकर मारली नाही, झटकलं. शेजारचा टोकवाला मुलगा लिहायचं थांबून तिच्याकडे पाहायला लागला. त्याचा जबडा हळूहळू खाली आला. तो बहुधा काही बोलणार होता, पण बोललं तर बाहेर काढतात अशी सूचना होती. शेवटी तिने कागद तिरका करून उजेडात धरला. काही दिसत नव्हतं. शेवटची घंटा झाली तेव्हा तिचं पुसून झालं होतं. रविवारी व्हायचं तसंच.

पर्यवेक्षिका बाईंनी उत्तरपत्रिका उचलली, पाहिली, आणि रुमाल नाकाशी तसाच धरून थांबल्या.

"झालं सगळं?"

"हो."

"नक्की?"

"हो बाई. तपासून पाहिलं."

बाईंनी नाक पुसलं आणि कागद गठ्ठ्यात ठेवला.

बाहेर बाबा गाडीत बाजूच्या सीटवर बसून होते. उमेदवार चालवायला बसली. गाडी निघाली.

"जागा सापडली?"

"सापडली."

"हात?"

"कोरडा."

"सगळे सोडवलेस?"

"सगळे."

"घंटेपर्यंत?"

"घंटेच्या आधीच झाले."

"मग?"

"मग घंटा झाली. पुसलं."

"शाब्बास," बाबा म्हणाले.

दोघं आपल्या पद्धतीवर खूश होऊन चौकातून डावीकडे वळली. पुढे एक ट्रक होता, एक सायकलवाला होता. मग बाबांच्या पायाने ब्रेक दाबला.

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोर म्हैस नव्हती, काहीच नव्हतं. मागच्या टेम्पोवाल्याने आधी हॉर्न वाजवला, मग पाटी वाचली आणि शिकाऊ आहेत बिचारे असं समजून बाजूने निघून गेला.

"काय पुसलं?" बाबांनी विचारलं.

"उत्तरपत्रिका."

"कुठली?"

उमेदवार स्टिअरिंगकडे पाहत राहिली. आता आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे हे तिला कळत होतं. तिने वाट पाहिली. मागून आणखी एक हॉर्न आला.

"बाबा, पाय काढा," ती शेवटी म्हणाली. "गाडी पुढे जात नाहीये."

बाबांनी पाय काढला.

संध्याकाळी परीक्षेच्या ऑफिसने बरोबर उत्तरं जाहीर केली. बाबा चष्मा बदलून टेबलापाशी बसले आणि तिने घरी आणलेल्या प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा तपासायला लागले. त्यांना कोणी तपासा म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नाही. तपासून झाल्यावर त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि प्रवेश मिळून वर एखाद्या गरीब मुलाला थोडे देता येतील इतके गुण निघाले.

"म्हणजे आलं होतं सगळं," आई म्हणाली.

"सगळं."

मामा भिंतीला टेकून उभा होता. "पोलिसात तक्रार देता आली असती," तो म्हणाला, "पण कोणावर संशय आहे का, म्हणतील. मग पंचाईत."

आई उमेदवाराच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ तिने हातातल्या टॉवेलची नुसतीच घडी घातली, मोडली. मग हळूच विचारलं, "मागे काही राहिलं असेल का ग? पुसट? तिरकं धरलं तर?"

"नाही आई."

"एखादी तरी रेघ?"

"तू शिकवलंस तसंच पुसलं."

आईने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपलं काम वाईट झालं असतं तर बरं, असं वाटलं असावं. ती उठून भांडी घासायला गेली, आणि नेहमी एका दिशेने घासणाऱ्या बाईने त्या दिवशी पातेली गोल गोल घासली.

निकाल लागला तो आपण सुरुवातीला वाचला नाही तोच. बाबांनी तो वाचला, खिशात ठेवला आणि जाहीर केलं, "हा धरायचा नाही. हा सराव होता असं समजू." आई हो म्हणाली. मामा म्हणाला, "आम्ही दुकानातही असंच करतो, हरवलेला माल आलाच नव्हता म्हणतो." उमेदवाराला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिची काही हरकत नव्हती. वयाची अट तेवढी अजून जागेवर होती, पण तीही एका कागदावरच होती, आणि कागदाचं काय होतं ते या घराने पाहिलेलं होतं.

त्यामुळे पुढच्या रविवारी पुन्हा रांग लागली. मामाने यंत्र फिरवलं, ते वाजलं. या वेळी तो कात्रीबद्दल काही बोलला नाही. स्वतःच तिची पिन काढून बशीत ठेवली. बाबा खुर्चीत बसले. गुलाबी कागद टेबलावर आला. उमेदवाराने एकेक गोल भरला. फरशी एकदाही वाजली नाही. बाबांचे दोन्ही पाय खुर्चीखाली घेतलेले होते.

सगळं भरून झालं आणि ती घंटेची वाट पाहायला लागली.

स्वयंपाकघरात आई एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन उभी होती. वेळ झाली. आईचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. वेळ टळून गेली. भात झाला, निवला. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. घंटा होईपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम त्यांचाच होता, आणि नियम मोडायला कुणीतरी मोठं माणूस लागतं. घरात सगळी मोठी माणसं हजर होती.

"ताई," मामा दारातून दबक्या आवाजात म्हणाला, "वाजव ना. मला दुपारची ड्यूटी आहे."

"तू वाजव."

"माझं खातं झडतीचं आहे."

"मग राहू दे."

मग राहिलं. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन टेबलावर चढलं, उत्तरपत्रिकेवरून सरकत पलीकडे उतरलं. मामा यंत्र पिशवीत घालून उपाशीच कामावर गेला. उमेदवार हाताची घडी घालून बसली होती. तिला भूक लागली होती, पण ती भूक दुसऱ्या कुणाची तरी सांभाळायला ठेवल्यासारखी होती. शेवटी अंधारून आलं तेव्हा आईने ताटली फडताळात ठेवली, बाहेर येऊन दिवा लावला आणि बाबांना म्हणाली, "उद्या परीक्षेच्या ऑफिसात जाऊन येऊ. तिघंही जाऊ. तिथे माणसंच असतील ना?"

माणसंच होती. लांबलचक हॉलमध्ये खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक माणूस होता. ज्या खिडकीवर 'पडताळणी' लिहिलं होतं तिथे चष्मा डोक्यावर चढवलेली एक बाई बसली होती. तिने क्रमांक टाकला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. स्क्रीनवर गुलाबी कागद होता. वर उमेदवाराचा क्रमांक, खाली सही, मध्ये काही नाही.

"कोरी आहे," बाई म्हणाली.

"कोरी नाही, पुसलेली आहे," बाबा म्हणाले. "फरक आहे."

"यंत्राला नाही."

"तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बघा. तिरकी धरून."

खिडकीतली बाई मुळात वाईट नव्हती. ती उठली, मागच्या कपाटातून खरी उत्तरपत्रिका काढून आली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. या बाजूने धरली, त्या बाजूने धरली. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काकू, खरं सांगते," ती आईला म्हणाली, "मी इथे इतकी वर्षं आहे. इतका स्वच्छ कागद मी पाहिलेला नाही. काहीच न लिहिणाऱ्यांचाही कुठे ना कुठे अंगठा उमटतो."

आईने पदर तोंडाशी नेला. त्यात दुःख किती आणि काय काय होतं ते तिचं तिला ठाऊक.

"तिला सगळं येत होतं," बाबा म्हणाले. "प्रश्नपत्रिका आणली आहे. बघा तरी."

"ती घरची झाली, साहेब. घरी मलाही सगळं येतं." बाईने खिडकीच्या फळीवरून एक कोरा कागद पुढे सरकवला. "विनंती अर्ज करा हवं तर. तिथे पेटी आहे, त्यात टाका."

"त्याचं पुढे काय होतं?"

"पेटी भरते."

"मग?"

"मग दुसरी आणतात."

हे तिने जराही कुचकेपणा न करता सांगितलं. बाबांनीही ते तसंच घेतलं. पेटी आहे म्हटल्यावर त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. तिघं भिंतीजवळच्या बाकावर बसली, उमेदवार मधे. बाबा एका बाजूला बसून सांगायला लागले आणि तिने गुडघ्यावर कागद घेऊन लिहायला घेतलं.

"लिही. विषय, परीक्षेतली शेवटची पाच मिनिटं रद्द करण्याबाबत."

"असं चालतं का?" आईने विचारलं.

"अख्खी परीक्षा रद्द होते कधी कधी. आपण पाचच मिनिटं मागतोय. लिही, महोदय."

"बाई असल्या तर?" आई म्हणाली.

"महोदय किंवा महोदया."

ती लिहीत गेली. अक्षर वळणदार येत होतं, हात कोरडा होता. बाबा सांगता सांगता एका ठिकाणी थांबले. पुढचं वाक्य त्यांना सुचेना. मग ते गाडी चुकीच्या जागी लावली आहे असं काहीतरी पुटपुटत उठून बाहेर गेले. गाडी अगदी बरोबर जागी लावलेली होती, उमेदवारानेच लावली होती. आई थोडा वेळ बसली. मग तीही म्हणाली, "बघून येते ग, फार उन्हात उभे राहतील." आणि जाताना तिने मुलीच्या केसांतली वाकडी झालेली पिन सरळ केली. "तुला काय वाटतंय ते तरी सांग ग कधी," ती हळूच म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गेली.

उमेदवार बाकावर एकटी राहिली. खिडकीतली बाई डबा उघडत होती. पंखा फिरत होता. अर्जात अजून जागा होती. तिने आत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं, कोणी आहे का म्हणून. मग खाली वाकून तिने अर्ज पुरा केला.

"…तरी सूचनेच्या घंटेनंतरची पाच मिनिटे झालीच नाहीत असे समजून अर्जदाराची त्यापूर्वीची उत्तरे ग्राह्य धरावीत. ते नियमात बसत नसल्यास दुसरी विनंती अशी की, घडल्या प्रकाराबद्दल अर्जदारास आजपावेतो काहीही वाटलेले नाही, व घरी सर्वजण त्याची वाट पाहत आहेत. सबब या बाबतीत अर्जदारास नेमके काय वाटणे अपेक्षित आहे, ते आपल्या कार्यालयाने तज्ज्ञांकडून निश्चित करून लवकरात लवकर लेखी कळवावे. शक्यतो चार पर्याय द्यावेत, ही नम्र विनंती."